आधी ब्रेक, मग नाद!

रील्समधली पिकअप तीस-चाळीस लाखांची असते. गोठ्यामागच्या शेडमध्ये उभी असलेली पिकअप भंगाराच्या भावाची. पण या दुसऱ्या पिकअपला पुन्हा रस्त्यावर आणायचं ठरवलं तर काय काय करावं लागतं? कोल्हापूरजवळच्या एका पोराने पाच महिने हाताला ग्रीस लावून घेतलं. त्याची, त्याच्या मिस्त्रीमामांची आणि एका जुन्या ‘२०६’ची ही गोष्ट.

कोल्हापुरात ‘नाद’ या शब्दाला वेगळाच मान आहे. इथे कुस्तीचा नाद असतो, फुटबॉलचा असतो, बुलेटचा तर असतोच असतो. पण ‘मला पिकअपचा नाद आहे’ असं कुणी म्हटलं, तर समोरचा पहिला प्रश्न विचारतो, ‘भाडं कुठलं मारतोस?’ कारण आपल्याकडे पिकअप म्हणजे कामाची गाडी. भाजी, दूध, गूळ, सिमेंटची पोती, गणपतीची मिरवणूक नाहीतर लग्नाचं रुखवत. हौदा भरायचा, फाळका लावायचा आणि निघायचं. हौस करायला बाईक आहे, जीप आहे. पिकअपची कसली हौस?

हे चित्र गेल्या दहा वर्षांत थोडं बदललंय. २०१६ मध्ये इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस आली आणि पिकअप ही घरची, फिरायची गाडीही असू शकते हे लोकांना दिसलं. २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स आली. अमेरिकेतल्या, ऑस्ट्रेलियातल्या, थायलंडमधल्या पिकअपचे व्हिडिओ तर आपल्या फोनवर रोज येतात. उंच केलेली गाडी, जाड टायर, हौद्यात तंबू. बघायला भारी वाटतं. मग किंमत बघितली की आपण व्हिडिओ लाईक करतो आणि पुढे जातो.

करवीर तालुक्यातल्या एका गावातला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाचा एक विद्यार्थी मात्र पुढे गेला नाही. तो घराच्या मागे गेला. तिथे गोठ्याला लागून असलेल्या शेडमध्ये, कडब्याच्या पेंढ्यांखाली, त्याच्या वडिलांची टाटा मोबाईल २०६ उभी होती. सहा पावसाळे एकाच जागी. चारही टायर बसलेले, केबिनमध्ये मांजरीचं बाळंतपण झालेलं आणि हौद्याच्या कोपऱ्यात पत्र्याला हात घालता येईल एवढं भोक.

‘माझं नाव छापू नका,’ त्याने पहिल्याच भेटीत सांगितलं. ‘गावात आधीच मला भंगारवाला म्हणतात.’

दिवाळीपर्यंतची मुदत

या गाडीने त्याचं घर चालवलंय, हे तो सहज बोलता बोलता सांगतो. गुऱ्हाळावरून गुळाचे रवे भरून मार्केट यार्डात न्यायचे आणि येताना मिळेल ते भाडं आणायचं, असं वडिलांनी बरीच वर्षं केलं. पुढे घरात ‘छोटा हत्ती’ आला आणि ही शेडमध्ये गेली. यंदाच्या मे महिन्यात भंगारवाला दारात आला. वजनावर भाव ठरला. वडील ‘घेऊन जा’ म्हणणार, एवढ्यात हा मध्ये पडला.

‘अण्णा, मला थोडा वेळ द्या. मी चालू करतो.’

वडिलांनी वाद घातला नाही, पण अट घातली. ‘दिवाळीपर्यंत पासिंग करून दाखव. नाही जमलं तर मी त्याला फोन करणार.’

पासिंग म्हणजे आरटीओचं फिटनेस प्रमाणपत्र. पिवळ्या पाटीच्या, म्हणजे व्यावसायिक गाडीसाठी हा कागद सगळ्यात महत्त्वाचा. फिटनेस नसेल तर कायद्याच्या नजरेत त्या गाडीची नोंदणीच वैध धरली जात नाही. आठ वर्षांपर्यंतच्या गाडीला ते दर दोन वर्षांनी आणि त्याहून जुन्या गाडीला दर वर्षी घ्यावं लागतं. २०२१ मध्ये आलेल्या स्क्रॅपिंगच्या धोरणाबद्दल आपल्याकडे एक मोठा गैरसमज आहे, की १५ वर्षं झाली की गाडी मोडीत. सरकारी गाड्यांना ते लागू आहे. आपल्या गाडीचं भवितव्य मात्र मुख्यतः वयावर नाही, ती फिटनेसमध्ये पास होते की नापास यावर ठरतं. म्हणजे वडिलांनी घातलेली अट आणि सरकारची अट एकच होती.

पुण्यात जन्मलेली पिकअप

काम सुरू करण्याआधी त्याने एक गोष्ट केली, जी आपण कुठल्याही असाइनमेंटच्या आधी करायला हवी आणि करत नाही. त्याने गाडीचा इतिहास वाचून काढला.

टाटा मोबाईल १९८८ मध्ये आली. तेव्हा टाटा मोटर्सचं नाव टेल्को होतं आणि ट्रक-बस बनवणारी कंपनी अशीच तिची ओळख होती. या पिकअपने टेल्कोला छोट्या गाड्यांच्या जगात आणलं. गाडी पुण्याची. इंजिन १,९४८ सीसीचं, चार सिलिंडरचं डिझेल. खाली मजबूत चासी, मागे पाटे आणि वर केबिन. याच पायावर १९९१ मध्ये टाटा सिएरा आली आणि १९९२ मध्ये टाटा इस्टेट. २०२५ मध्ये नव्या रूपात आलेल्या सिएराचं कौतुक आपण सगळ्यांनी केलं. पण मूळच्या सिएराचं घराणं सांगायचं तर ती एका पिकअपची लेक होती!

हा इतिहास नुसता गप्पा मारायला नव्हता. १९९४ मध्ये सुमो आली आणि तिलाही सुरुवातीला हेच १,९४८ सीसीचं इंजिन होतं. सुमो गावोगावी वडापला धावली, २०१९ पर्यंत विकली गेली. त्यामुळे आज २०६ रस्त्यावर दिसत नसली तरी तिच्या इंजिनाचे बरेचसे पार्ट अजून मिळतात. पुण्याच्या नाना पेठेत मिळतात, मुंबईत ऑपेरा हाऊसच्या दुकानांत आणि कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात मिळतात. जे मिळत नाही ते बनवून देणारे कोल्हापूरच्या उद्यमनगरात आहेत. जुनी गाडी घेताना ती दिसते कशी हे आपण बघतो. तिचं गणगोत किती मोठं आहे हे बघायला पाहिजे. जिचे भाऊबंद लाखांनी विकले गेलेत ती गाडी जगवता येते. जी एकटी होती ती पार्टसाठी रडवते.

‘आदी थांबाय पायजे’

ट्रॅक्टरने ओढत गाडी गॅरेजला गेली. गॅरेज म्हणजे हायवेलगतचा पत्र्याचा एक शेड, एक खड्डा, भिंतीवर ओळीने टांगलेले पाने आणि साठीतले मिस्त्रीमामा. गडी डोक्यात आराखडा घेऊनच गेला होता: आधी इंजिन चालू करायचं, मग जाड टायर, मग पुढे गार्ड आणि लाईट, मग रंग.

मामांनी सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली आणि म्हणाले, ‘मर्दा, गाडी पळाय नको. आदी थांबाय पायजे.’

म्हणून पहिले तीन आठवडे इंजिनाला कुणी हात लावला नाही. चारही चाकं निघाली, गाडी घोडीवर चढली आणि ब्रेकचं काम सुरू झालं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, हे त्याला पुस्तकातून माहीत होतं. सहा वर्षं तसंच राहिलेलं ऑइल मास्टर सिलिंडरमधून बाहेर आलं तेव्हा ते चहाच्या चोथ्यासारखं दिसत होतं. त्या पाण्याने आतून गंज धरला होता. सिलिंडरचे रबर किट, होज पाइप, मागच्या ड्रमचे लायनर सगळं बदललं. ड्रम लेथवर टर्निंग करून आणले.

इथेच त्याला एक नवीन गोष्ट कळली, जी घाटात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. पेट्रोल इंजिनात ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम इंजिनातूनच मिळतो. डिझेल इंजिनात तो तसा मिळत नाही, म्हणून त्यासाठी वेगळा पंप असतो. तो इंजिनावर चालतो. म्हणजे डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी न्यूट्रलमध्ये सोडली, की दोन-तीन वेळा ब्रेक दाबल्यावर बूस्टरमधला व्हॅक्यूम संपतो आणि पेडल दगडासारखं होतं. ‘करूळ घाटात लोक हेच करतात,’ मामा म्हणाले. ‘मग म्हणतात ब्रेक फेल झाला. ब्रेक फेल न्हाई हुईत, डोस्कं फेल हुतं.’

इंजिन बोलतं, ऐकायला लागतं

इंजिनाची पाळी जूनच्या शेवटी आली. डिझेलच्या टाकीत तळाला पाणी आणि गंजाचा गाळ होता. टाकी उतरवून धुतली, पाइप बदलले, फिल्टर नवे टाकले. फ्युएल पंप आणि नोझल पंपवाल्याकडे गेले. हा पंपवाला म्हणजे एक वेगळीच जमात आहे. टेस्ट बेंचवर पंप लावायचा, चारही नळ्यांतून डिझेल सारखं येतंय का ते बघायचं आणि केसाएवढ्या फरकासाठी तासभर स्क्रू फिरवायचा.

डिझेल इंजिनाचं तत्त्व आपण शाळेत शिकलोय. यात स्पार्क प्लग नसतो. हवा वीस-बावीसपट दाबली की ती एवढी तापते की त्यात डिझेल फवारलं की ते आपोआप पेटतं. म्हणजे तीन गोष्टी हव्यात: हवेला कॉम्प्रेशन, डिझेलची योग्य फवारणी आणि लाइनमध्ये हवेचा एकही बुडबुडा नको. त्यात कुठेही कॉम्प्युटर नाही. बिघाड झाला तर तो या तिघांपैकी एकात सापडतो. आजच्या बीएस-६ गाडीला आधी स्कॅनर लावावा लागतो. या गाडीला कान लावला तरी पुरतं.

निदान, मामांना पुरतं. सुरुवातीला याला काहीच ऐकू यायचं नाही. मग धुराचा रंग कळायला लागला. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त नाहीतर हवा कमी. निळा म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. थंड इंजिनाचा थोडा पांढरा धूर चालतो, पण गरम झाल्यावरही पांढराच येत असेल तर अर्धवट जळालेलं डिझेल किंवा आत शिरलेलं पाणी. यांच्या गाडीने पहिल्या दिवशी निळा धूर काढला आणि घराचं बजेट कोसळलं. इंजिन खोलावं लागणार होतं.

हेड उतरलं, पिस्टन निघाले. उद्यमनगरात बोअरिंगचं काम झालं. नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवं हेड गॅस्केट. ‘एका बऱ्या सेकंडहॅण्ड बाईकचे पैसे गेले,’ तो म्हणतो. हे पैसे त्याने शिकवण्या घेऊन, सुट्टीत कुरिअरचं काम करून आणि आईकडून उसने घेऊन उभे केले. खर्चाची वही त्याने मला दाखवली. पार्टपेक्षा फेऱ्यांचा खर्च जास्त दिसतो. एका ऑइल सीलसाठी तीन वेळा कोल्हापूर. जुन्या गाडीच्या नादात पैशांपेक्षा संयम लवकर संपतो.

इंजिन बसवल्यावर लाइनमधली एअर काढायची होती. हाताने पंप मारत राहायचं, नट थोडा सैल ठेवायचा आणि फेस थांबून सरळ डिझेलची धार आली की नट आवळायचा. मामांनी ते काम त्याला दिलं आणि स्वतः चहा प्यायला गेले. परत आले तेव्हा इंजिन चालू होतं. ‘झालं का?’ एवढंच विचारलं. तो म्हणतो, ‘बारावीच्या रिझल्टला एवढं बरं वाटलं नव्हतं.’

मॉडिफिकेशन: किती आणि कुठपर्यंत?

आता गाडी चालत होती आणि पुन्हा रील्स दिसायला लागले. दसऱ्याला गाडीला झेंडूची माळ पडली त्याच आठवड्यात त्याने जुन्या बाजारातून पुढचा लोखंडी गार्ड आणि चार एलईडी लाईट आणून बसवले. पुढचा विचार जाड टायरचा आणि गाडी उंच करायचा होता.

इथे जरा थांबून कायदा बघू, कारण कॉलेजमधल्या निम्म्या गाड्यांना तो लागू आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की कंपनीने ठरवलेल्या आणि नोंदणी पुस्तकात असलेल्या तपशिलापेक्षा वेगळी होईल अशी गाडी बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधल्या एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द नीट वाचा. पुढच्या लोखंडी गार्डबद्दल तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं होतं, की ते बसवणं कलम ५२ च्या विरोधात आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी गाडीचं गणित उरतंच. टायर मोठा केला की स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो. स्टिअरिंग जड होतं, बेअरिंगवर ताण येतो आणि तेच ब्रेक आता मोठं चाक थांबवायला धडपडतात. गाडी उंच केली की वळणावर ती जास्त झुकते. मागचे पाटे वजन भरण्यासाठी बनलेले आहेत, त्यामुळे रिकामी पिकअप मागून आधीच उड्या मारते. तिला आणखी उंच करणं म्हणजे घाटातल्या वळणावर नशिबाची परीक्षा घेणं.

मग काहीच करायचं नाही का? भरपूर करता येतं. फाटलेल्या सीट नव्याने शिवता येतात, वायरिंग पूर्ण नवं करता येतं, फ्यूज वाढवता येतात. नवे आरसे, चांगल्या वायपर ब्लेड, कंपनीच्याच मापाचे चांगले टायर, हौद्याला आतून नवा पत्रा. चासीला तारेच्या ब्रशने घासून, गंज काढून रेड ऑक्साईड लावणं हे दिसत नाही, पण पुढच्या दहा वर्षांचं आयुष्य त्यात असतं. यातल्या एकाही कामाचं रील होणार नाही, हा त्यातला एकमेव तोटा.

नापास

दिवाळीला बारा दिवस असताना गाडी तपासणीला गेली. विमा काढला होता, पीयूसी झाली होती, थकलेला पर्यावरण कर भरला होता. (महाराष्ट्रात व्यावसायिक गाडीला आठ वर्षांनंतर आणि खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर हा कर लागतो.) मागे लाल, पुढे पांढरी रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवली होती. सोबत वडील होते. मामा आले नव्हते.

गाडी नापास झाली. कारणं दोन. पुढचा गार्ड आणि जादा लाईट काढा, हे एक. दुसरं कारण त्याला जास्त लागलं: ब्रेक दाबल्यावर गाडी उजवीकडे ओढते, मागचं डावं चाक नीट धरत नाही.

येताना वडील काही बोलले नाहीत. त्याच संध्याकाळी चाक उघडलं. मागच्या हबचं ऑइल सील गळत होतं आणि अ‍ॅक्सलमधलं ऑइल नव्या कोऱ्या लायनरवर उतरलं होतं. तेल प्यायलेला लायनर कितीही पुसला तरी पुन्हा धरत नाही, तो बदलावाच लागतो. ज्या ब्रेकवर तीन आठवडे घालवले, तिथेच गाडी अडली होती. मामांनी त्याला बोल लावला नाही. ‘सील नवं हुतं, पन शाफ्टला खड्डा हुता. माझ्या नजरंतनं सुटलं,’ म्हणाले आणि रात्री दहापर्यंत स्वतः बसून काम केलं. साठीतला माणूस, गुडघे दुखतात, तरी चाकाखाली.

गप्पांच्या ओघात मामांनी सांगितलं, की त्यांच्या गॅरेजमध्ये आता शिकायला पोरं येत नाहीत. येतात ती शोरूमच्या वर्कशॉपला जातात. त्यात चूक काहीच नाही, तिथे पगार वेळेवर मिळतो आणि काम गाडीचा नवा जमाना शिकवतं. पण पंपाचा आवाज ऐकून कुठला सिलिंडर कमी मारतोय हे सांगणारी माणसं त्या जमान्याबरोबर कमी होणार. हे ज्ञान कुठल्याही मॅन्युअलमध्ये सापडत नाही. खड्ड्याशेजारी उभं राहून, पाना हातात देत देतच ते शिकावं लागतं. या नादाचं खरं मोल मला इथे दिसलं. एक पिकअप वाचली, ते आहेच. पण त्यानिमित्ताने साठीतल्या माणसाकडून एकविसाव्या वर्षाच्या पोराकडे काहीतरी गेलं.

दुसऱ्या तपासणीला गाडी गेली तेव्हा तिच्यावर गार्ड नव्हता, लाईट नव्हते, कंपनीने दिली होती तशी होती. पास झाली. दिवाळीला चार दिवस बाकी होते.

धुराचं काय?

एक प्रश्न मात्र टाळून चालणार नाही. जुनं डिझेल इंजिन प्रदूषण करतं. बीएस-६ हे नियम १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झाले. त्यांच्या तुलनेत ९० च्या दशकातल्या इंजिनाला धूर गाळायची कुठलीच यंत्रणा नाही. पीयूसीला जुन्या डिझेल गाडीच्या धुराची मर्यादाही सैल असते: बीएस-४ गाडीला ५० एचएसयू, त्याआधीच्या गाडीला ६५. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घालण्यावरून २०१५ पासून न्यायालयात लढाई चालू आहे, ती उगाच नाही. शिवाय या गाडीत एअरबॅग नाही, एबीएस नाही. रोज कॉलेजला न्यायची ही गाडीच नव्हे.

पण सांभाळून, कमी चालवली जाणारी जुनी गाडी आणि रोज शंभर किलोमीटर धूर ओकणारी जुनी गाडी यांत फरक करायला हवा. आपल्या नियमांत तो फरक अजून नीट दिसत नाही. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, खासगी वापराची, मूळ रूपात ठेवलेली दुचाकी-चारचाकी ‘व्हिंटेज’ ठरते आणि तिला ‘व्हीए’ मालिकेचा वेगळा नंबर मिळतो. पण १५ वर्षांच्या पुढे आणि ५० वर्षांच्या आत काय? त्या मधल्या पट्ट्यात फी वाढत जाते. खासगी चारचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाला २०२२ पासून पाच हजार रुपये लागायला लागले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीला ते दहा हजार झाले. पहिली टाटा मोबाईल ५० वर्षांची होईल २०३८ मध्ये. तोपर्यंत किती उरतील? आणि ज्या उरतील त्यांतल्या किती मूळ रूपात असतील? व्हिंटेजच्या नियमात चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली गाडी बसत नाही. म्हणजे आज कापलेली, उंच केलेली पिकअप उद्याही वारसा ठरणार नाही.

आता ही पिकअप काय करते? दर रविवारी गुळाचा एक फेरा. ‘गाडी उभी राहिली की सडते,’ हे त्याचं आताचं ब्रह्मवाक्य. पहिल्या फेऱ्याला स्टिअरिंगवर वडील बसले. गावाबाहेरच्या चढाला तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज बदलला, तसे त्यांनी न बघता दुसरा टाकला. मग शेजारी बघून म्हणाले, ‘टॅपेटचा आवाज हाय बारीकसा. मामांना दाखव.’ त्यालाही तो आवाज आला होता.

*

चौकट : जुनी पिकअप घेताय? आधी हे बघा

चासी : रंग बघू नका, खाली झोपून चासी बघा. हातोडीने हलकं ठोकलं की चांगला पत्रा खणखणीत वाजतो, सडलेला बद्द वाजतो. हौद्याचे कोपरे आणि मडगार्डच्या आतली बाजू सगळ्यात आधी सडते.

थंड इंजिन : गाडी बघायला सकाळी जा आणि आधी बॉनेटला हात लावून बघा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल, तर सकाळी चालू करताना होणारा त्रास तो लपवतोय असं समजा.

कागद : नोंदणी पुस्तकावरचा चासी आणि इंजिन नंबर गाडीवरच्या नंबरशी जुळवा. फिटनेस, पर्यावरण कर, विमा, बँकेचा बोजा आणि जुनी चलनं तपासा. इंजिन बदललेलं असेल तर त्याची नोंद आहे का ते बघा.

वय आणि लायसन्स : २० वर्षं पूर्ण नसतील तर पिवळ्या पाटीची गाडी रस्त्यावर चालवता येत नाही. लायसन्स एलएमव्हीचं चालतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ७,५०० किलोच्या आतल्या व्यावसायिक गाडीसाठी ते मान्य केलं. ढोबळ वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला वेगळं परमिट लागत नाही.

हौद्यात माणसं नकोत : मित्रांना हौद्यात बसवून पन्हाळा गाठायचा बेत असेल तर सोडून द्या. मालवाहू गाडीच्या हौद्यात माणसं नेणं बेकायदा आहे. अपघात झाला तर विम्याचे पैसेही अडकतात.

मिस्त्री : गाडी घेण्याआधी मिस्त्री शोधा. चांगला मिस्त्री असेल तर वाईट गाडीही निभावते. उलटं होत नाही.